कंदील, लिंबू, शिडी, उशी, घोडा

सिग्नलवरचा माणूस हिरवा झाला. बाजूची माणसं भराभर रस्त्यात उतरली आणि तिचा धाकटा भाऊ तिथंच उभा राहिला. एक पाय फुटपाथच्या कडेवर, एक खाली. त्याचं कोपर धरायला मागे गेलेला तिचा हात रिकामाच परत आला. कुणाची तरी जड पिशवी त्याच्या गुडघ्यावर आपटली, पिशवीवाली बाई "ही काय उभं राहायची जागा आहे?" म्हणून फणकारून गेली. तो मात्र शांत. वळून, अगदी समजूतदार आवाजात त्यानं विचारलं, "ताई, आपण कुठे चाललोय?" घर सोडल्यापासून ही तिसरी वेळ. पहिल्यांदा जिन्यात विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "माझ्या कॉलेजात." चष्म्याच्या दुकानासमोर विचारलं तेव्हाही म्हणाली, "कॉलेजात रे, मीटिंग आहे." त्यात नवं काहीच नव्हतं. सात महिन्यांत ती असल्या प्रश्नांना इतकी सरावली होती की तोंड उत्तर देऊन मोकळं व्हायचं आणि मन आपलं भलतीकडे. पण या तिसऱ्या खेपेला विचारून झाल्यावर तो हसला. ओठाचा डावा कोपरा जरासा वर, डोळा किंचित बारीक. दोघांनी मिळून केलेल्या चोरीचं हसू. सात महिन्यांत ते तिला दिसलं नव्हतं. शेवटचं दिसलं होतं ते मैदानाच्या कडेला, चुन्याच्या रेषेपासून दोन हातांवर. हिरवा माणूस लुकलुकला, लाल झाला. गाड्या सुटल्या. दोघं भावंडं कडेवरच राहिली, आणि तिच्या मनात आलं, याला आठवतंय की काय?

आठवत असेल तर सुटले, असं एक मन म्हणालं. आठवत असेल तर मेले, असं दुसरं. माणसाला मन एकच दिलंय म्हणतात, पण ज्यानं दिलं त्यानं त्याला दारं किती ठेवलीत ते त्याचं त्यालाच माहीत. एका दारानं पश्चात्ताप आत येतो आणि दुसऱ्या दारानं भीती त्याला बाहेर घालवते, आणि घर आपलं तसंच्या तसं. गेले सात महिने तिचं हेच चाललं होतं. आज दुपारी मीटिंग होती पट्टीमंडळाची. खरं नाव लांबलचक होतं, स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये रस असलेल्या विद्यार्थ्यांचा गट, असं नोटीसबोर्डावर ठळक अक्षरांत. पण दर गुरुवारी शरीररचनेच्या जुन्या हॉलमध्ये जमून वीस-बावीस पोरंपोरी एकमेकांच्या घोट्यांना चिकटपट्ट्या बांधायची आणि त्या सोडताना केस उपटले की कोकलायची, म्हणून सगळं कॉलेज त्यांना पट्टीमंडळच म्हणायचं. दुसऱ्या वर्षाला असताना ती मंडळाची सेक्रेटरी झाली. मार्गदर्शक म्हणजे सर, हाडांचे डॉक्टर, कधीकाळचे धावपटू, आता स्वतःचेच गुडघे गेलेले. "तुम्ही डॉक्टर व्हायच्या आधी मैदानावर उभं राहायला शिका," असं ते म्हणत, "वॉर्डात पेशंट निजलेला असतो, तिथे कुणीही शहाणा दिसतो." तिला ते वाक्य फार आवडायचं. तिनं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

सरांनीच त्यांना डोक्याला मार लागलेला खेळाडू कडेला घेऊन कसा तपासायचा ते शिकवलं. आज वार कोणता, सामना कुणाशी, एका पायावर उभा राहा, आणि मग पाच शब्द. तपासणाऱ्यानं पाच शब्द वाचायचे, खेळाडूनं लगेच म्हणून दाखवायचे, थोड्या वेळानं पुन्हा म्हणायचे. डोकं हललेलं असेल तर शब्द ठरत नाहीत, ओल्या भिंतीवरच्या रंगासारखे ओघळतात. पुस्तिकेत शब्दांच्या सहा याद्या होत्या, दर वेळी वेगळी घ्या असं वर स्वच्छ लिहिलेलं. मंडळानं काय केलं, तर पहिल्या यादीचं तेवढं पान प्लास्टिकमध्ये मढवलं, भोक पाडून दोरी ओवली, आणि प्रत्येकाला एकेक कार्ड गळ्यात घालायला दिलं. "सहा-सहा कार्डं गळ्यात घालून काय किल्ल्यांचा जुडगा व्हायचंय का?" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. तीही हसली. इतकी साधी गोष्ट. बावीस हुशार पोरं, सगळी वर्गात पहिली येणारी, आणि सहातलं एकच पान. जगातली मोठाली पापं अशीच कुणाच्या तरी विनोदावर हसत-हसत सुरू होत असावीत.

आणि मग तिनं सराव सुरू केला, घरी. थंडीभर, जेवणाच्या टेबलावर. आई पडदे शिवायची, मशीनचा आवाज आतल्या खोलीतून यायचा. धाकटा सरावावरून येऊन ताटावर तुटून पडलेला असायचा आणि ही समोर कार्ड धरून. "ऐक. कंदील, लिंबू, शिडी, उशी, घोडा. म्हण आता." "तोंडात घास आहे." "घासासकट म्हण." तो म्हणायचा. पहिल्या आठवड्यात उशी विसरायचा. मग त्यानं गोष्टच जुळवली. एक घोडा आहे, तो कंदील घेऊन शिडीवर चढतो, वर झाडाला लिंबू आहे, आणि लिंबू काही हाती लागत नाही म्हणून बिचारा उशी घेऊन झोपतो. "घोड्याला उशी कशाला गं पण?" आतून आई विचारायची. "आई, दमतो गं तो!" त्यानंतर कधी चुकला नाही. आंघोळीला जाताना चालीवर म्हणायचा, जिना उतरताना दर पायरीला एक शब्द. आईसुद्धा सुईत दोरा ओवताना पुटपुटायला लागली. घर कसं भरल्यासारखं वाटायचं. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच तिघं मिळून काहीतरी म्हणत होती. आता त्या हिवाळ्याचं सुख आठवलं की ती उठून दुसऱ्या कामाला लागते. कारण तोच हिवाळा. दुसरं काही नाही. आपल्याच हातानं, मायेनं, रोज थोडं-थोडं करून तिनं ती तपासणी निकामी केली होती.

लाल माणूस अजून लालच होता. धाकटा समोरच्या बसस्टॉपकडे बघत होता. एकोणीसचा होईल आता, पण सात महिन्यांत मान बारीक झाली होती, आणि शिवलेल्या जखमेवर केस उलट्या दिशेनं उगवले होते. फुटबॉलच्या मैदानावर त्याला गोळी म्हणायचे, डाव्या कडेनं सुटला की दिसायचाच नाही म्हणून. त्या रविवारी वरच्या संघासाठी मुलं निवडायला दोन गृहस्थ येऊन बसले होते, टोप्या घालून, गुडघ्यावर वही. सर वरच्या पायऱ्यांवर थर्मास घेऊन. तिच्या गळ्यात कार्ड, कमरेला पिशवी नको म्हणून पिशवी बाकावर ठेवलेली. अठराव्या मिनिटाला उंच आलेल्या चेंडूवर धाकटा आणि समोरच्या संघातला एकजण उडाले, डोक्यावर डोकं, आणि दार आपटावं तसा आवाज कडेपर्यंत ऐकू आला. धाकटा पडला. एक, दोन, तीन, आणि उठला. कोच ओरडला, "डॉक्टरीणबाई, धावा!" आणि ती धावली, आणि धावताना, देवा, ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती, धावताना तिला आनंद झाला होता. सहा सामने नुसते मुरगळलेले घोटे बघून झाले होते. आज पहिल्यांदा कार्ड लागणार होतं.

"आज वार कोणता?" "रविवार." "सामना कुणाशी?" तो क्षणभर थांबला. मग हनुवटीनं समोर दाखवत म्हणाला, "त्यांच्याशीच की." ती हसली. घरचा माणूस, त्याची बोलायची रीत ती ओळखते, म्हणून हसली. परका असता तर त्या थांबण्याची तिनं नोंद केली असती. एका पायावर उभा राहिला, बगळ्यासारखा. मागून कोच, "दहाजण खेळतायत माझे, दहाजण! लग्न लावताय का त्याचं?" तिनं कार्ड उचललं, "ऐक, मी आता पाच..." आणि तिच्या तोंडून पहिला शब्द निघायच्या आधीच तो म्हणाला, "कंदील, लिंबू, शिडी, उशी, घोडा." आणि तेच हसू हसला. "पाठ आहे गं, ताई. सोड ना." पिशवी बाकावर होती. पिशवीत पुस्तिका. पुस्तिकेत आणखी पाच याद्या. बाक तीन पावलांवर होता. नंतर कितीतरी वेळा एकटीनं त्या मैदानावर जाऊन तिनं ती पावलं टाकून पाहिली होती, तीनच होती, लांब टाकली तर अडीच. त्या क्षणी तिला नेमकं ठाऊक होतं की हे म्हणणं म्हणजे काही म्हणणं नव्हे. हे पोर झोपेतसुद्धा म्हणेल. तिनं ऐकलं, समजली, आणि फॉर्मवरच्या पाचही चौकोनांत बरोबरच्या खुणा केल्या. सही केली. वेळ लिहिली. "खेळू द्या," म्हणाली. तेरा मिनिटांनी त्याला कुणाचा तरी खांदा लागला, साधा, रस्त्यात लागतो तसा, आणि तो जो बसला तो उठला नाही.

"ताई, झालं हिरवं." त्यानंच तिला सांगितलं. त्यानं तिचा हात धरला आणि दोघं पलीकडे गेली.

कवटी उघडून साकळलेलं रक्त काढलं. चाळीस दिवस तो हॉस्पिटलात होता. उठला तेव्हा जुनं सगळं जागच्या जागी होतं, शाळेतल्या बाकांचा क्रम, वडिलांच्या स्कूटरचा आवाज, सगळं. नवं तेवढं राहीना. चाळणीत पाणी ओतावं तसं. सकाळी काय खाल्लं ते दुपारी नाही, दुपारी कोण आलं ते संध्याकाळी नाही. त्या सामन्याचा तर आदला दिवसही पुसला गेला होता. कॉलेजनं चौकशी नेमली. तीन प्राध्यापकांनी तिचा फॉर्म उलटसुलट पाहिला, पाचपैकी पाच, सही, वेळ, सगळं चोख. "फॉर्मनं तुला तारलं, पोरी," सर तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माणूस वाईट नव्हता. घरी आई म्हणाली, "तू तिथे होतीस म्हणून माझं लेकरू हाती लागलं." आणि तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण आई रोज सकाळी मशीनवर बसायच्या आधी डोळे मिटते, हात जोडते आणि मोठ्यानं म्हणते, "देवा, माझ्या लेकीला त्या दिवशी तिथे उभी केलीस, तुझे उपकार." रोज. चहाचा कप हातात धरून ती हे ऐकते. देवाला खरं ठाऊक आहे आणि तो गप्प आहे, आईला खोटं ठाऊक आहे आणि ती बोलते आहे, आणि मधे ही. कधी-कधी तिला वाटायचं, देवानं निदान एकदा तरी आईला म्हणावं, "बाई, आधी तिला विचार."

हॉल भरला होता. नवी पोरं पुढच्या रांगांत, कोरे कोट, नवे पेन. फळ्यावर मंडळाच्या यादीतलं आजचं काम लिहिलेलं: स्वागत, लेखाची माहिती, प्रात्यक्षिक. लेख धाकट्याच्या केसवरचा, सरांनी लिहिलेला, नाव पहिलं तिचं. कुठल्याशा मोठ्या मासिकाकडे दोन महिन्यांपूर्वी गेलाही होता. पडद्यावर त्यातला तक्ता आला. अठरावं मिनिट, पहिली धडक, कडेची तपासणी पूर्ण, लक्षणं नाहीत. एकतिसावं मिनिट, दुसरी धडक. सदतिसावं मिनिट, हॉस्पिटलात रवानगी. "सहा मिनिटं!" सर म्हणाले. "विद्यार्थ्यांनी सहा मिनिटांत ओळखलं आणि हलवलं. म्हणून हा आज इथे बसलाय." टाळ्या झाल्या. धाकट्यानंही वाजवल्या, कुणासाठी ते न कळून, मनापासून. तिचं लक्ष त्या दोन शब्दांवर खिळून राहिलं होतं. लक्षणं नाहीत. हा लेख छापून येईल, आणि कुठल्या तरी दुसऱ्या मैदानावर, दुसऱ्या कुणाच्या गळ्यात, एकच कार्ड लोंबेल.

"चल, करून दाखव," सरांनी तिला खुणावलं. "पोरांना दिसू दे कसं करतात ते. आपला हिरोच आहे समोर." धाकटा हसत खुर्चीवर येऊन बसला. कुणीतरी शीळ घातली. ती पिशवीपाशी गेली. एक, दोन, तीन. पुस्तिका काढली, चौथी यादी उघडली. पान नवं कोरं होतं, शेजारच्याला चिकटलेलं. आजवर कुणीच उघडलं नव्हतं. गळ्यातलं कार्ड तिनं उलटं फिरवलं. "ऐक हं. खिडकी, मीठ, ढोल, सुई, वाळू. म्हण." त्यानं तिच्याकडे पाहिलं. कपाळावर एक बारीक आठी आली, गेली. तो काहीतरी शोधत होता, अंधाऱ्या खोलीत दिव्याचं बटण शोधावं तसं. हात भिंतीवरून फिरतोय, भिंत ओळखीची आहे, बटण नाही. मग त्याचा चेहरा उजळला. ओठाचा डावा कोपरा वर गेला.

"कंदील, लिंबू, शिडी, उशी, घोडा."

"पाहिलंत?" सर म्हणाले. "पाचपैकी पाच!" ते मायक्रोफोनची वायर सोडवत होते, त्यांनी तिचे शब्द ऐकले नव्हते. कुणीच ऐकले नव्हते. साऱ्या हॉलला जुनेच शब्द पाठ होते, प्रत्येकाच्या गळ्यात होते. टाळ्यांचा नुसता पाऊस.

"शून्य," ती म्हणाली. टाळ्या चालूच होत्या. तिनं पुन्हा म्हटलं, "सर, शून्य. मी हे शब्द वाचलेच नाहीत. मी खिडकी, मीठ असं वाचलं. याला एकही सांगता आला नाही." टाळ्या विरल्या. तिचा आवाज तिलाच परका वाटत होता, पातळ, शाळेतल्या पोरीसारखा. "त्या दिवशीसुद्धा शून्यच होतं. मी वाचायच्या आधी यानं म्हटले. घरी मीच पाठ करून घेतले होते. मला कळलं होतं, तरी मी बरोबरच्या खुणा केल्या."

 धाकटा खुर्चीत वळून तिच्याकडे बघत होता. "ताई," तो हळूच म्हणाला, "चुकलं का गं माझं काही?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग मायक्रोफोन तोंडाशी धरला, आणि आवाज किती मऊ! "मुलांनो, हे जे आत्ता पाहिलंत, हा आपल्या पेशातला सगळ्यात अवघड भाग. आपलं माणूस पेशंट झालं की डॉक्टर स्वतःला दोष देत राहतो. पुरावा काहीही म्हणो, मन ऐकत नाही. याचं भान ठेवा. वह्या काढा." आणि पोरांनी वह्या काढल्या. खरंच काढल्या. पेनांची टोपणं उघडल्याचा आवाज झाला, आणि तिचं सात महिन्यांचं पाप, घशातून रक्त काढल्यासारखं बाहेर काढलेलं, पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं मथळ्याखाली रेघ मारून उतरवून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात सर म्हणाले, "दमलीयस तू. घरी जा, झोप." "सर, लेखावरून माझं नाव काढा." "नाव काढायचं तर कारण द्यावं लागतं." "मी देते लिहून." हजेरीच्या कागदामागे तिनं भिंतीला टेकून लिहिलं, चार ओळी, खाली सही, वेळ. सवयीनं वेळही लिहिली. सरांनी न वाचता कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि खिशावरून दोनदा हात फिरवला. "बघू," म्हणाले. तेवढ्यात त्यांचं वय झालेलं तिला दिसलं. दुखऱ्या गुडघ्यानं ते आत गेले, आणि आतून पुन्हा टाळ्या ऐकू आल्या. चिकटपट्ट्यांचं प्रात्यक्षिक सुरू झालं असावं.

परतताना सिग्नल लालच होता. ऊन भिंतींवर चढलं होतं. तिनं त्याचं कोपर धरलं, आणि गाड्यांच्या आवाजात, त्याच्या कानाशी, त्याला सांगितलं. सगळं सांगितलं, हिवाळ्यापासून. घोडा, उशी, कोच, तीन पावलं, धावताना झालेला आनंदसुद्धा. तो मन लावून ऐकत होता, मान जराशी कलती करून, पूर्वी तिचे निकाल ऐकताना करायचा तशी. सांगून झालं. मग म्हणाला, "म्हणजे मीच आधी म्हटले ना? मग तू काय करणार! मला खेळायचं असणार, ताई. मी कुठला ऐकतोय." त्यानं तिच्या पाठीवर थाप मारली, मैदानावर दुसऱ्याचा गोल हुकला की मारायचा तशी. "सोड ना." आणि तिला रडूच फुटलं, भर रस्त्यात, पिशव्या घेतलेल्या माणसांच्या मधे. सात महिन्यांनी छातीवरचा दगड कुणीतरी उचलला. हिरवा माणूस चालायला लागला. ती डोळे पुसत, त्याचा हात धरून उतरली. अंग कसं पिसासारखं झालं होतं.

पलीकडच्या कडेवर पाय ठेवताना त्यानं तिच्याकडे पाहिलं. "ताई, रडतेस का? काय झालं?" आणि लगेच, समजूतदारपणे, "आपण कुठे चाललोय?"

ती उभी राहिली. माफी मिळाली होती, रस्त्याच्या त्या कडेला. या कडेपर्यंत ती पोचली नव्हती. उद्या सांगितलं तर उद्याही मिळेल, परवाही, अगदी अशीच, थापेसकट, आणि दर वेळी एका रस्त्याच्या रुंदीइतकीच टिकेल.

"घरी," ती म्हणाली. "आईला एक गोष्ट सांगायचीय."

"कुठली गं?"

"चल, वाटेत सांगते," ती म्हणाली, आणि पुन्हा हिवाळ्यापासून सुरुवात केली. तो ऐकत राहिला. घर जवळ येत होतं, वरच्या खिडकीतून मशीनचा आवाज खाली येत होता. आणि आई काही विसरणार नव्हती.